जपानी पेटी आणि खोबरेलावर फोडलेलं खापर

वेंगुर्ल्यातल्या एका घरची जपानी पेटी मी माझ्या हातानं बिघडवली आणि त्याचं खापर त्या घरातल्या बाईंच्या खोबरेलावर फोडलं. हे आधीच लिहून टाकतो. संपादकांनी मला लाखकामाच्या धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले आहेत, आणि अनुभव लिहायला बसलं की लेखणी आपसूक स्वतःच्या कौतुकाकडे वळते. ते कौतुक मी पुढे करणार आहेच. तीस-बत्तीस वर्षं बोटं भाजून घेतल्यावर तेवढा हक्क माझा आहे. पण वाचणाऱ्यानं ते कौतुक ऐकताना, हा माणूस अकरा वर्षं खोटं बोलून गप्प बसला होता, एवढं लक्षात ठेवावं.

माझं नाव सदानंद. गावात सदा मेस्त्री. काम शिकलो सावंतवाडीला, मामाकडे. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी काढलेला राळेसारखा पदार्थ. ती गाळायची, रंग मिसळून तिच्या कांड्या करायच्या. पांगाऱ्याचं हलकं लाकूड चरकावर चढवून गरगर फिरवायचं आणि त्या फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरायची. घासून जी उष्णता निघते तिनं लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग वरून केवड्याचं पान दाबून चोळलं की अशी चकाकी येते की गिऱ्हाईक वस्तू बघायच्या आधी तिच्यात स्वतःचं तोंड बघतं. पाळण्यावरची फळं, लाटणी, चौरंगाचे पाय हे सगळं चरकावरचं. पेटीसारख्या सपाट वस्तूवर चरक चालत नाही. तिथे चिंचोक्याच्या खळीचा लेप, त्यावर चित्र आणि वरून स्पिरिटात विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, ऊब. लाख उचलली, चिरली, भेगाळली तर ती वस्तू निखाऱ्यावर धरायची, लाख मऊ झाली की पानानं दाबून बसवायची. मामा म्हणायचा, "लाखेक जीव आसा रे सदा. ऊब लागली की जागी होता, पानान थोपटलंस की निजता." मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की जगात जे जे काळं आणि चकचकीत आहे ते लाखच, अशी माझी समजूत झाली होती. माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे.

त्रेपन्न-चोपन्न सालची गोष्ट. मामाकडून निघून मी वेंगुर्ल्यात स्वतःचं दुकान टाकलं, त्याला दोन वर्षं होत होती. एक दिवस मुलींच्या शाळेतल्या ताराबाई कापडात गुंडाळलेली वस्तू घेऊन आल्या. मागोमाग त्यांच्या भावजय, सुमतीवयनी. ताराबाईंनी लग्न केलं नव्हतं; त्या भावाच्या घरीच राहत. भाऊ आगबोटीवर होता. लढाईच्या काळात त्याची बोट बुडाली. घरी माणूस आला नाही, ट्रंक आली नाही, काही आलं नाही. लढाईच्या आधी एका खेपेला त्यानं जपानहून जी पेटी आणली होती, तेवढी एकच त्याची म्हणावी अशी वस्तू घरात उरली होती.

"मेस्त्री, ही जरा बघता का? झाकणावरची एक शिंप उचलली आहे," ताराबाई म्हणाल्या. शाळेबाहेरही त्या पुस्तकातलं मराठी बोलत.

"जरा नको, नीट बघ," वयनी म्हणाल्या. "माझ्या घोवाची एवढीच वस्तू आसा."

कापड सोडलं आणि मी बघतच राहिलो. हातभर लांब, वीतभर रुंद पेटी. मुळात ती लिहिण्याचं सामान ठेवायची असावी, कारण आत शाईचा दगड बसेल असा खळगा होता. भावानं ती विकत घेतली तेव्हाच ती फार जुनी आहे असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. रंग काळा. पण आमचा काळा नव्हे. आमच्या काळ्यावर उजेड पडला की परत फिरतो; या काळ्यात तो आत शिरत होता, विहिरीत शिरावा तसा. झाकणावर सोन्याच्या भुकटीनं काढलेली लव्हाळी. लव्हाळ्यांत एक होडी, शिशाच्या पातळ पत्र्याची, राखाडी, जुनाट. आणि होडीखाली लाटा, सगळ्या शिंपेच्या. प्रत्येक लाट नखाएवढ्या तुकड्यांची, आणि पेटी हलवली की निळ्याची हिरवी, हिरव्याची जांभळी होणारी. त्यातला एकच तुकडा एका कडेनं सुटला होता.

"बाई, एवढंच ना?" मी म्हणालो. "लाखेची वस्तू आणि माझा हात. चार दिवसांनी घेऊन जा."

चार दिवस कसले, त्याच दुपारी मी शेगडी पेटवली. झाकण निखाऱ्यावर वीतभर उंच धरलं. काळा रंग मऊ होईना. थोडं खाली घेतलं. तरी होईना. मला वाटलं, लाख जुनी आहे, जागी व्हायला वेळ घेते. आणखी खाली घेतलं. इथे मी थांबायला हवं होतं. लाख आहे की नाही हे बघायला स्पिरिटचा एक थेंब पुरतो. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात बोळ्यानं थेंब लावायचा. लाख असेल तर बोळ्याला रंग येतो. ही परीक्षा आम्ही शिकाऊ माणसाला पहिल्या महिन्यात शिकवतो. मी ती केली नाही, कारण मला खात्री होती.

आधी बारीक तडतड ऐकू आली. मग फोडणीतली मोहरी उडावी तशा शिंपा उडायला लागल्या. मी झाकण बाजूला घेईपर्यंत आठ-दहा तुकडे निखाऱ्यांत आणि जमिनीवर पडले होते, शिशाच्या होडीला मधोमध फोड आला होता, आणि आतलं लाकूड आखडून काळ्या रंगाला दोन लांब भेगा गेल्या होत्या. रंग मात्र वितळला नव्हता. अजूनही तसाच थंडपणे बघत होता.

त्या वेळी मी काय केलं ते सांगतो. सापडले तेवढे तुकडे गोळा केले. तीन निखाऱ्यांत करपून गेले होते. बाकीचे सरसानं चिकटवले, त्या तिन्हींच्या जागी कालवाच्या शिंपेचे पांढरे तुकडे बसवले, भेगांत काळी लाख भरली आणि वरून चपड्याचं पॉलिश दिलं, एकावर एक सहा हात. चकाकी अशी आली की त्या चकाकीतून खालचं काही दिसू नये. पेटी नेताना वयनी म्हणाल्या, "बघ गो तारा, नवीन केल्यान!" जुन्या वस्तूला नवीन म्हणतात तेव्हा आमच्या धंद्यात मान खाली घालायची असते. मी हसलो.

पाऊस लागला आणि माझं बिंग फुटायची वेळ आली. दमट हवेत चपड्याचं पॉलिश दुधाळतं आणि सरस सुटतो, हे मला माहीत होतं. नागपंचमी उलटून गेल्यावर दोघी पुन्हा दुकानात आल्या. पेटीवर पांढरट साय धरली होती. ताराबाईंनी रुमाल सोडला, त्यात सात शिंपा.

"मेस्त्री, हे असं का झालं?" त्यांनी विचारलं.

आरोप नव्हता. वर्गात मुलीला विचारावं तसा साधा प्रश्न होता. खरं बोलायला इतकी सोपी वाट मला पुन्हा कधी मिळाली नाही. पण दुकान नवं होतं, बाजारात नाव नुकतं होत होतं, आणि मामाच्या कानावर गेलं असतं. मी उलट विचारलं, "पेटीला काय लावता का तुम्ही?"

"खोबरेल. दर शुक्रवारी. दोन थेंब, मलमलीच्या फडक्यानं. दादा पेटी घेऊन आला तेव्हापासून लावते."

"तेच कारण," मी म्हणालो. "तेल आत मुरतं आणि शिंपा उचलतं."

ताराबाईंनी रुमालाच्या चार कडा एकावर एक ठेवल्या. वयनी मात्र त्यांच्याकडे वळल्या.

"तरी मी सांगी होतंय, तां तेल लावू नको म्हणान! तुझी माया म्हणजे नुसता पुसत रव्हना. आता पुसलंस मा सगळा?"

त्यांनी पेटी उचलली, रुमालही घेतला आणि त्या चालू लागल्या. ताराबाई मागून गेल्या, दोन्ही हात पदरात घेऊन.

त्यांच्या मागे माझ्या बाकावर त्या काळ्या रंगाची एक खपली पडली होती, तांदळाएवढी. ती मी तंबाखूच्या डबीत ठेवली. का ठेवली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? मालवणपासून बांद्यापर्यंत जुन्या वस्तूची दुरुस्ती म्हटली की लोक माझं नाव घेत. एकदा दशावतारी मंडळातला गणपतीचं सोंग घेणारा नट भर दुपारी धावत आला. काखेत गणपतीचा लाकडी मुखवटा, दुसऱ्या हातात सोंड. तिन्हीसांजेला मंडळ पुढच्या गावात पोचायचं होतं.

"मेस्त्री, सोंड लाव. सोंडेबिगर गेलंय तर लोक म्हणतले, गणपती रव्हलो घराक नि उंदीर इलो."

सोंडेत खिळा मारला तर लाकूड फाटलं असतं. मी आतून बांबूची काडी बसवली, सांध्यात तापलेली लाख ओतली आणि रंग जुळवला. त्यानं घाईघाईनं मुखवटा तोंडाला लावला आणि बोंबलला, कारण लाख अजून गरम होती. त्याच्या नाकाला फोड आला. पण ती सोंड अजून टिकून आहे. परवाच जत्रेत पाहिली. सांधा कुठे आहे ते मला स्वतःला सापडलं नाही. असलं काम हातून झालं की माणूस चार दिवस ताठ चालतो. मीही चालायचो. फक्त शाळेच्या रस्त्यानं जायचं टाळायचो.

एका वर्षी टाळता आलं नाही. चतुर्थीच्या आधी सुमतीवयनींनी गणपतीच्या चौरंगाला पॉलिश करायला घरी बोलावलं. मी ओसरीवर बसून काम करत होतो. ताराबाई शाळेतून आल्या, पाय धुतले आणि कोपऱ्यातली समई घासायला उचलली.

"तू रव्ह बाजूक," वयनी आतून म्हणाल्या. "माझ्या घरातल्या वस्तयेक हात लावच्या आधी तुझे हात बघूक होये. तेल लागलला असतला."

"धुतलेले आसत गो वयनी," ताराबाई हसून म्हणाल्या. घरात त्या मालवणी बोलत, हे मला त्या दिवशी कळलं.

"पेटयेक लावतानाय धुतलेलेच होते."

हे भांडण नव्हतं, दोघींच्या रोजच्या बोलण्यातलं झालं होतं. म्हणूनच ते मला सहन होईना. वयनी दुष्ट नव्हत्या. नवऱ्याची एकच वस्तू उरलेल्या बाईचा राग कुठे तरी जाणारच, आणि तो कुठे जावा हे मी ठरवून दिलं होतं. ताराबाईंनी समई खाली ठेवली. मी चौरंगाचा एकच पाय तीनदा घासला आणि काही न बोलता घरी आलो. म्हणजे खोटं मी एकदा बोललो, पण गप्प दोनदा बसलो.

सुटकेचा रस्ता दाखवला तो एका विचित्र गिऱ्हाइकानं. बाबी सारंग म्हणून बोटीवरून निवृत्त झालेला म्हातारा होता. काठीची लाखेची मूठ वर्षातून चार वेळा मोडायचा, कारण ती काठी तो टेकायला कमी आणि कुत्री हाकलायला जास्त वापरायचा. एकदा त्यानं तंबाखूसाठी माझी डबी उघडली. नेमकी ती खपलीची निघाली.

"ह्या काय रे? उंदराची लेंडी सांभाळून ठेवतस?"

"जपानी लाख ती, आजोबा."

त्यानं खपली बोटावर घेतली, डोळ्याजवळ नेली. "लाख? तुझ्या मामान हेच शिकवल्यान? ह्यो झाडाचो चीक. जपानाक आमचो एक खलाशी कारखान्यात बघूक गेलो आणि ओल्या पेटयेक हात लावल्यान. दोनय हात सुजान कोहळे! काजीचो चीक लागलो की उठता ना, तसाच अंग उठला. आणि तां सुकवतत खंय, ठावक आसा? काळोख्या ओल्या खोलयेत. मी म्हटलंय, हे पिशे मा काय? सुकवचा तर उन्हात टाका!"

तो काठी घेऊन गेला. मी दुकान बंद करून घरी आलो. माझी बायको पार्वती तेव्हा काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, काजूबीच्या टरफलात एक जळजळीत तेल असतं. ते लागलं की कातडं सोलवटतं आणि पुढे काळं पडतं. पार्वतीची नखं आणि बोटांची टोकं कायम काळी, चकचकीत. दहा वर्षं मी ती बोटं रोज पानात भात वाढताना बघत होतो.

मी स्पिरिटचा बोळा घेऊन तिच्या नखावर घासायला लागलो.

"ह्या काय करतास? आज काय पॉलिश माका?"

डाग हलला नाही. बोळा पांढराशुभ्र. मग डबीतली खपली घासली. बोळा तसाच पांढरा. नऊ वर्षांपूर्वी करायची होती ती परीक्षा मी त्या दिवशी केली.

"पार्वती, बी फोडायच्या आधी तुम्ही बायका हाताला काय लावता?"

"राख लावतत, नायतर खोबरेल. खोबरेल बरा. तेच्यान काय्येक बिघडणा नाय."

ती सहज बोलून भात वाढायला लागली. मी बोळा चुलीत टाकला.

पुढचं दीड वर्ष मी काय केलं ते मी अभिमानानं सांगतो. कारखान्यातून टरफलाचं तेल आणलं. परसात चूल मांडून ते कढवलं, काजळी घातली, गाळलं आणि लाकडाच्या चिपांवर हात देऊन बघितले. पहिल्याच खेपेला धूर लागून माझं तोंड असं सुजलं की पार्वती म्हणाली, "दशावतारातलो संकासूर परवडलो, निदान तेका डोळे तरी आसत." उन्हात ठेवलेल्या चिपा महिनाभर चिकट राहिल्या. मग सारंगाचं बोलणं आठवलं आणि काही चिपा न्हाणीजवळ ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. आठव्या दिवशी काढल्या तर नख लागेना. असं का होतं हे मी शिकलेल्या माणसासारखं सांगू शकत नाही. पण ज्या पावसाळी हवेला आम्ही लाखवाले शिव्या देतो, चार महिने दुकान अर्धं बंद ठेवतो, तीच हवा या कामाला लागत होती. हे जपानचं रोगण नव्हे. पण त्याच्या नात्यातलं आहे, आणि ते वेंगुर्ल्यात तयार झालं.

मग मी सुमतीवयनींकडे पेटी मागायला गेलो. "पुन्हा एकदा बघतो," एवढंच म्हणालो. तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण मनाशी म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. भित्र्या माणसाला नेहमी आधी दुसरं काही तरी करायचं असतं.

"घेवन जा," त्या म्हणाल्या. ट्रंकेच्या तळातून त्यांनी पेटी आणि रुमाल काढला. "आता आणखी काय बिघडूचा रव्हला हा?"

पहिल्याच दिवशी मी स्पिरिटनं झाकण पुसलं. माझं चपड्याचं पॉलिश विरघळून बोळ्यावर आलं, साय गेली, भेगांत भरलेली लाख गेली. आणि खाली तो जुना काळा रंग तसाच होता. स्पिरिटनं त्याला काही झालं नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ वस्तूंवर चकाकी चढवली, पण स्वतः चढवलेली चकाकी उतरवण्यात इतकं समाधान मिळेल असं वाटलं नव्हतं.

शिशाच्या होडीचा फोड शिंगाच्या पट्टीनं, रोज थोडा थोडा, दाबत नेला. तीन करपलेल्या शिंपांसाठी कालवं, मोठे शिंपले, काय काय घासून बघितलं. सगळी पांढरी पडायची. शेवटी समुद्रातल्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या शिनाण्याची शिंप दगडावर घासत गेलो. खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतील इतकी पातळ केली आणि मागून काळा हात दिला. त्या क्षणी पांढऱ्या शिंपेतून निळा-हिरवा वर आला. मी पार्वतीला हाक मारली. ती चुलीवरची भाकरी टाकून आली आणि बघत राहिली. भाकरी करपली.

आख्खा पावसाळा पेटी न्हाणीजवळच्या ओल्या गोणपाटाखाली होती. जाणकारानं भिंग लावलं तर त्याला तीन शिंपा आणि दोन भेगा सापडतील. भिंग न लावता सापडणार नाहीत.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ताराबाई ओसरीवर वह्या तपासत होत्या. केस पांढरे झाले होते. वयनी मागच्या दारी मासे साफ करत होत्या. हाक ऐकून हात धुऊन आल्या. मी कापडाची गाठ ताराबाईंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले.

"तुम्हीच सोडा, मेस्त्री."

मी सोडली. कौलांत बसवलेल्या काचेतून उजेड झाकणावर पडला आणि लाटा हलल्या. वयनींनी बोटाच्या टोकानं होडीला स्पर्श केला.

"अशीच होती. आणली तेव्हा अशीच होती," त्या म्हणाल्या. डोळे पदरानं टिपून त्या नणंदेकडे वळल्या. "बघ. तू घालवलंस, मेस्त्रीन परत आणल्यान. आता जिवंत आसस तोवर हेका तेलाचो हात लावू नको हां."

"नाही लावत," ताराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. मला, त्या बाईंनी. "माझी चूक तुम्ही निस्तरलीत, मेस्त्री. मी तुमचे उपकार विसरणार नाही."

वयनी चहा ठेवायला आत गेल्या. माझ्या वहाणा चार हातांवर होत्या. आता उठलो असतो तर त्या घरात जन्मभर देवमाणूस म्हणून राहिलो असतो.

"बाई," मी म्हणालो, "खोबरेलानं पेटीला काही झालं नव्हतं. लाख समजून मी ती निखाऱ्यावर धरली. शिंपा मी उडवल्या. भेगा मी पाडल्या. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचं नाव घेतलं."

त्यांच्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. वहीवर एक रेघ अर्धवट होती.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलल्या, "अकरा वर्षां मी त्या पेटयेक हात लावक नाय. माका वाटायचा, दादाची एक वस्तू माका सांभाळूक येवक नाय."

मी पेटीवरचं कापड घडी करायला घेतलं.

"माका सांगान काय उपेग?" त्या म्हणाल्या. "वयनी येतली. तिका सांग."

वयनी कप घेऊन आल्या. मी उभा राहिलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, शेगडीपासून रुमालापर्यंत. त्यांनी कप जमिनीवर ठेवले. एक कलंडला, तो कोणी सरळ केला नाही.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी हिका बोललंय ता सगळा…" त्यांनी ताराबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एकदम आवाज चढला. "मगे माझ्याकडे काय बघतस मेल्या? तिच्याकडे बघ! माफी तिची माग!"

मी वळलो. ताराबाई खाली बसलेल्या होत्या, म्हणून मीही त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो. घरून पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना. मामाच्या दुकानात काम बिघडलं की जसं बोलायचो तसंच तोंडातून निघालं.

"बाय, चूक माझी आसा. तुमच्या हातान काय्येक बिघडाक नाय. भियान मी तुमच्या नावार घातलंय आणि अकरा वर्षां गप रव्हलंय. माका माफ करा."